पाण्याकाठचे चित्रकार आणि आपल्या घरातील तसबिरी



बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला चित्रांतले काय कळणार, असे आपण म्हणाल. कळते थोडेच, पण नोंद नसली की मालमत्ता कशी नाहीशी होते, हे मात्र मी पुष्कळ पाहिले आहे. आजचा विषय त्याच संदर्भातला आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील ग्लॉस्टर या मासेमारीच्या बंदरात फिट्झ हेन्री लेन (१८०४–१८६५) नावाचे चित्रकार होऊन गेले. बालपणीच पाय अधू झाल्याने ते कुबड्यांवर चालत. घरासमोरचे बंदर, नांगरलेली गलबते आणि सायंकाळचे निश्चल पाणी त्यांनी आयुष्यभर चितारले. मरणोत्तर विस्मृतीत गेलेल्या या चित्रकाराचे नाव पुढे कित्येक वर्षे पुस्तकांतून ‘फिट्झ ह्यू’ असे चुकीचे छापले जात होते. अखेर जुन्या सरकारी दप्तरात नाव बदलण्यासाठी त्यांनी स्वतः केलेला अर्ज सापडला आणि खरे नाव उजेडात आले. त्यांच्या चित्रांचा सर्वांत मोठा संग्रह आज त्यांच्याच गावच्या संग्रहालयात आहे.

असाच पाण्याचा ध्यास घेतलेला चित्रकार आपल्या कोल्हापुरातही होता. ते म्हणजे आबालाल रहिमान. घरी हस्तलिखितांच्या सुलेखनाची परंपरा, त्यामुळे हाताला वळण लहानपणीच लागले. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण झाले. मुंबईत राहून व्यक्तिचित्रांवर पैसा मिळवता आला असता; पण ते कोल्हापुरास परतले आणि कोटितीर्थाच्या परिसरात साधेपणाने राहिले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. कोटितीर्थाचे पाणी, पंचगंगेचा काठ, रंकाळा, एकाच जागेवरची सकाळ आणि सायंकाळ हे त्यांचे विषय होते. पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा आणि पाणी उतरले की पुन्हा वर येणारा रंकाळ्यातील संध्यामठ त्यांनी रंगविला. एकाच पाण्याकडे वर्षानुवर्षे पाहत राहिले की ते रोज नवे दिसते, याची साक्ष ही चित्रे देतात.

१९२२ साली महाराजांचे निधन झाले. त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात विसर्जित केली, असे कोल्हापुरात सांगितले जाते. १९३१ मध्ये तेही गेले. जी चित्रे उरली ती रसिकांनी सांभाळली म्हणून. त्यांपैकी काही कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पाहावयास मिळतात.

कलावंताने स्वतःच्या हाताने बुडविले, त्याबद्दल आपण काय बोलावे? परंतु आपण अजाणतेपणी बुडवितो, त्याचे काय? आमच्या बिद्रीच्या घरी आजोबांची हाताने रंगविलेली तसबीर होती. चौकट बदलताना मागचा जुना पुठ्ठा मीच रद्दीत टाकला. त्यावर चित्रकाराचे नाव व साल होते, हे थोरल्या आत्याने पुढे सांगितले. तसबीर आजही भिंतीवर आहे. चित्रकार मात्र आमच्या घराला कायमचा अनोळखी झाला. दुसऱ्यांच्या खात्यांतील एका पैशाचा फरक शोधणाऱ्याच्या हातून ही चूक झाली.

कोल्हापूर ही चित्रकारांची नगरी. आपल्यापैकी अनेकांच्या पेढीवर वा माडीवर जुन्या हाताची चित्रे टांगलेली असतील. दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारात देऊ नयेत, ओल्या फडक्याने पुसू नयेत, ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नयेत. मागच्या बाजूचे छायाचित्र घ्यावे. चित्र कोणाचे, कोणी काढले, केव्हा घरात आले, हे थोरल्या मंडळींना विचारून वहीत लिहून ठेवावे. सांगणारी माणसे आहेत, तोवरच हे साधेल.

दुकानाची खतावणी आपण दरवर्षी नवी मांडतो. यंदा तिच्या शेजारी घरातील चित्रांचेही एक पान असावे, एवढीच विनंती.