हस्तिदंत : वस्तू शंभर वर्षांची, गुन्हा आजचा

अहिल्यानगर, संगमनेर किंवा पाथर्डीत जुना वाडा पाडायला काढला की माळ्यावरून पितळी भांडी, समया, शिसवी पेटारे खाली येतात. त्यात एखादी हस्तिदंती फणी, सोंगट्या किंवा हस्तिदंती मुठीची काठीही निघू शकते. फोटो काढून मोबाइलवरून विक्रीला टाकणे दोन मिनिटांचे काम. पण गुन्हा तिथेच घडतो. ‘वस्तू पणजोबांच्या काळातली आहे’ एवढ्यावर सुटका होत नाही.

बंदी कधीपासून?
भारतीय हत्ती १९७७ मध्ये वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला. १९८६ च्या दुरुस्तीने देशी हस्तिदंताचा, तर १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. या बंदीला व्यापाऱ्यांनी दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये फेटाळले. नामशेष झालेल्या मॅमथचा दातही बंदीतून सुटला नाही. कारण साधे आहे : कोरलेला जुना आणि नवा हस्तिदंत नुसत्या नजरेने ओळखणे कठीण, त्यामुळे जुन्याच्या नावाखाली नवा खपतो.

शिक्षा किती?
३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. विकणाऱ्याइतकाच घेणाराही अडकतो. वस्तू ताब्यात सापडली की ती कायदेशीर असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावरच येते.

वारशाने आली तर?
मुख्य वन्यजीव रक्षकांचे मालकी प्रमाणपत्र असलेली वस्तू वारसाकडे जाऊ शकते. मात्र वारसाने ९० दिवसांत तशी माहिती द्यावी लागते. प्रमाणपत्र असले तरी विक्री करता येत नाही.

परदेशी पाठवली तर?
अमेरिका आणि ब्रिटनमध्ये शंभर वर्षांहून जुन्या काही हस्तिदंती वस्तूंना कडक अटींवर सूट आहे. ते वाचून इथले लोक फसतात. भारतात अशी सूट नाही. उलट कलावस्तू शंभर वर्षांची झाली की पुरावस्तू कायदाही लागू होतो आणि खासगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाही. परवानगीची खात्री न करता पार्सल स्वीकारणारा कुरिअरवालाही अडचणीत येतो.

मग करायचे काय?
विकू नये, पाठवू नये, फोटो टाकू नये. घरातली जुनी कागदपत्रे तपासावीत. प्रमाणपत्र नसेल तर वकिलाच्या सल्ल्याने उपवनसंरक्षक कार्यालयाशी संपर्क साधावा.

बंदी योग्यच आहे. हत्ती वाचवायचा तर हस्तिदंताला बाजारभाव असता कामा नये. पण असे साठे जाहीर करण्यासाठी २००३ मध्ये दिलेली १८० दिवसांची मुदत गावोगावच्या वाड्यांपर्यंत किती पोहोचली असेल? अजाण वारसाला तस्करांच्या रांगेत बसवण्यापेक्षा, कोणताही मोबदला न देता अशा वस्तू सरकारजमा करण्याची एक संधी आणखी द्यावी. त्यात बाजाराला काही मिळणार नाही आणि सामान्य कुटुंबाच्या डोक्यावरची टांगती तलवार दूर होईल.