पालखी गेल्यानंतरचं वेळापूर

वारी किती जणांनी पाहिली आहे, असं विचारलं तर हॉस्टेलमधले निम्मे हात वर येतील. एनएसएसमधून बिस्किटाचे पुडे वाटले, फोटो काढले, संध्याकाळी मेसला परत. मीही त्यातलीच. पण पालखी पुढे गेल्यावर मागे राहणारं गाव किती जणांनी पाहिलंय?

ओरल्स संपल्यावर रूममेटच्या घरी, माळशिरस तालुक्यात गेले होते. तिची आजी म्हणाली, “चला, येळापूरला महादेवाला जाऊन येऊ.” वेळापूर म्हणजे ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम, एवढंच मला माहीत होतं. गावाच्या अलीकडे एका उतारावर वारकरी धावत सुटतात. तिथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावले, अशी श्रद्धा आहे. आषाढात तिथे पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा उतारावर चार शेळ्या होत्या!

गावातलं अर्धनारीनटेश्वराचं मंदिर यादवकाळातलं. चुन्याशिवाय घडीव दगड एकमेकांत बसवायचे, ही त्या काळची पद्धत. यादवांचा मंत्री हेमाद्री पंडित याच्या नावावरून आपण तिला हेमाडपंती म्हणतो. आमच्या स्ट्रक्चर्सच्या वहीत यातलं एक वाक्यही नाही. इथे मात्र शेकडो वर्षं ते दगड स्वतःच्या वजनावर उभे आहेत.

पण मला खरा धक्का दिला तो शिलालेखाने. वेळापूरचे लेख रामचंद्रदेव यादवाच्या काळातले, त्यातला एक शके १२२२ चा, म्हणजे इ.स. १३०० चा. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. फक्त १० वर्षांचं अंतर! आजी दगडाकडे बोट दाखवून म्हणाली, “काय लिवलंय गं त्यात? तू शिकलेली हाईस, वाच की.”

अक्षरं ओळखीची वाटत होती. शब्द लागत नव्हते. भाषा मराठीच, पण मी गप्प.

आमच्या शाळेत मराठी बोललं की एक रुपया दंड होता. दंड भरायचा नाही म्हणून मी मराठीत विचार करणंही कमी केलं. शाळेला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण शाळा सुटून चार वर्षं झाली, या काळात मी जर्मनचे दोन कोर्स केले. मराठीचं एक जुनं पान उघडलं नाही. त्याचा दोष कुणाचा? शाळेची पायरी न चढलेल्या आजीला हरिपाठ तोंडपाठ आहे. आणि तिला वाटतं, शिकलेली मी आहे!

कुणी म्हणेल, सातशे वर्षांपूर्वीची मराठी कुणालाच सहज कळत नाही, त्यात वाईट काय वाटायचं? मान्य. तो अभ्यासाचा विषय आहे, अभ्यासकांनी ते लेख वाचलेलेही आहेत. पण म्हणून आपण दगडाकडे पाठ फिरवायची का? प्लेसमेंटला याचा उपयोग नाही, हेही खरं. पण मग इंडस्ट्रियल व्हिजिटच्या नावाखाली आपण वॉटरपार्कला जातो, त्याचा तरी कुठे होतो?

म्हणून माझं साधं म्हणणं आहे. पुढच्या वर्षी सिव्हिलची एक व्हिजिट पालखीमार्गावरच्या अशा एखाद्या गावात न्यावी, आणि तीही वारी नसताना. मंदिराची मापं घ्यावीत, ड्रॉइंग करावं, दगड कसे बसवलेत ते समजून घ्यावं. लेखांचं वाचन ग्रंथालयात शोधून सोप्या मराठीत एका पानावर उतरवावं आणि गावातल्या शाळेला द्यावं. खर्च फार नाही, एक बस आणि दोन टेप.

वारीत आपण सेवा करायला जातो, म्हणजे काहीतरी द्यायला. मित्रांनो, एकदा घ्यायलाही जाऊया की! गर्दी नसते तेव्हा गाव बोलतं, आपल्याला ऐकायला वेळ मिळतो.

आजीचा प्रश्न अजून बाकी आहे. येत्या सुट्टीत मी त्या लेखाचा अर्थ शोधून तिला वाचून दाखवणार आहे. तोपर्यंत मला शिकलेली म्हणू नका.