रोहिणीच्या आधी

गेल्या वर्षी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही एका तालुक्याच्या गावी बीजप्रक्रियेच्या प्रशिक्षणाला गेलो होतो. सभागृह भरलेले होते, वक्ते जाणकार होते, प्रात्यक्षिकही नीट झाले. शेवटी प्रत्येकाच्या हातात रायझोबियम आणि पीएसबी या जिवाणू संवर्धनांची पाकिटे पडली. त्यातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, पुन्हा जाणे झाले. पाकिटे त्यांनी जपून ठेवली होती, पत्र्याखालच्या फळीवर, खताच्या पावत्यांच्या पिशवीत. अख्खा उन्हाळा तो पत्रा तापत राहिला होता. जिवाणू संवर्धन ही जिवंत वस्तू आहे. थंड, सावलीच्या जागी ते टिकते. तापल्या पत्र्याखाली जिवाणू मरतात आणि हाती नुसती काळी भुकटी उरते. ती भुकटी त्यांनी दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम या हिशेबाने, शिकवले होते तशीच, सोयाबीनला चोळली. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू, हा क्रमही त्यांना तोंडपाठ होता. बियाणे सावलीत सुकवले, हलक्या हाताने खालीवर केले. सगळे बरोबर केले आणि उपयोग शून्य झाला.

चूक त्यांची नव्हती, शिकवणाऱ्यांचीही नव्हती. तारीख चुकली होती.

हे मासिक वाचणाऱ्यांत सहाय्यक कृषी अधिकारी आहेत, पशुधन विकास अधिकारी आणि पर्यवेक्षक आहेत, कृषी विज्ञान केंद्रांतले विषय विशेषज्ञ आहेत, पशुसखी आणि कृषीसखी आहेत, आणि स्वतः शेती-गोठा सांभाळणारे तर आहेतच. प्रशिक्षणे फेब्रुवारी-मार्चमध्ये का दाटतात, हे या सगळ्यांना ठाऊक आहे. आराखडा मंजूर होतो, निधी टप्प्याटप्प्याने खाली उतरतो, आणि मार्चअखेरच्या आत तो खर्ची पडावा लागतो. त्या दिवसांत शेतकरी कुठे असतो? हरभरा मळणीला आलेला असतो, गहू कापणीला, कांदा काढणीला, उसाची तोड चाललेली असते. तरीही तो येतो, कारण बोलावणारा माणूस त्याच्या ओळखीचा असतो आणि त्याचा शब्द त्याला मोडवत नाही. त्याने मोडलेल्या त्या दिवसाचे मोल आपण ठेवायला हवे.

शेतकऱ्याकडे स्वतःचे वेळापत्रक आहे. पाडव्याला सालगडी ठरतो. रोहिणी 25 मेच्या सुमारास निघते, मृग 7-8 जूनला, आर्द्रा 21-22 जूनला. हस्त सप्टेंबरच्या अखेरीस, स्वाती ऑक्टोबरच्या अखेरीस. पाऊस आता नक्षत्रांच्या बोलीने पडत नाही, हे खरे. पण मशागत, पेरणी, काढणी, वैरण भरणे, जनावर गाभण जाणे, मेंढरे कोकणात उतरणे आणि पावसाच्या तोंडावर परत येणे, ही कामे अजूनही त्याच माळेत ओवलेली आहेत. प्रशिक्षण, निविष्ठा आणि मदत या तिन्ही गोष्टी त्या माळेत बसल्या तरच उपयोगी पडतात.

गोठ्यात तर तारीख चुकली की जीव जातो. माण तालुक्यातल्या एका वाडीवर जुलैच्या मध्याला गेलो तेव्हा एका बाईंच्या अंगणात पाटीखाली करडे झाकून ठेवलेली होती. चार होती. "सांच्याला उड्या मारत हुती, दूध पिऊन फुगलेली. सकाळी आडवी," त्या म्हणाल्या. पहिला पाऊस पडून बारा-पंधरा दिवस झाले होते. माळावर कोवळे, लुसलुशीत गवत उगवले होते आणि शेळ्या त्यावर तुटून पडल्या होत्या. आंत्रविषाराचे हे ठरलेले लक्षण आहे. कळपातले सगळ्यात धडधाकट, सगळ्यात जास्त खाणारे, आईला भरपूर दूध असलेले करडू आधी जाते. आतड्यात एरवीही असणारे जिवाणू भरल्या पोटात झपाट्याने वाढतात आणि त्यांचे विष रक्तात जाते. झटके येतात, मान मागे वळते आणि काही तासांत खेळ संपतो. औषधाला वेळच मिळत नाही. उपाय एकच, आधी टोचलेली लस. त्या वाडीवर लस आम्ही गेल्यानंतर आठवड्याने पोहोचली. बाईंनी उरलेल्या सगळ्या शेळ्या पुढे आणून उभ्या केल्या, एकही मागे ठेवली नाही. एप्रिलमध्ये लस आली असती तर ती चारही करडे त्या रांगेत असती.

या लसीचा हिशेब आपल्यापैकी पुष्कळांना पाठ आहे, तरी तो पुन्हा मांडतो, कारण तारखांचा सगळा गुंता इथेच आहे. ज्या करडाला वा कोकराला पहिल्यांदाच टोचायचे, त्याला 14 ते 21 दिवसांनी दुसरी मात्रा लागते. म्हणजे पावसाआधी संरक्षण हवे असेल तर पहिली मात्रा एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या पहिल्या आठवड्यातच पडली पाहिजे. घटसर्पाचेही तसेच. लस टोचल्यापासून अंगात प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे जातात, आणि हा रोग पहिल्या पावसाबरोबर येतो. म्हशीचा गळा सुजतो, घशात घरघर लागते, एक-दोन दिवसांत दावण रिकामी होते. फऱ्या सहा महिने ते दोन वर्षांच्या चांगल्या पोसलेल्या वासरांना गाठतो. मागच्या पायाच्या वरची सूज बोटाने दाबली तर चरचर आवाज येतो, आणि तो आवाज ऐकू येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून या लसींची मागणी फेब्रुवारीत नोंदवली जावी, कुप्या एप्रिलमध्ये तालुक्याच्या शीतपेटीत असाव्यात, आणि गावात टोचणी रोहिणी निघण्याआधी संपावी. लाळ-खुरकुताची मोहीम 2019 पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात वर्षातून दोनदा चालते आणि तिच्यामुळे कानात बारा आकडी बिल्ला असलेली जनावरे गावोगाव दिसू लागली आहेत. मोठे काम आहे ते. पण त्या फेरीच्या धबडग्यात पावसाळी लसी मागे पडता कामा नयेत.

शिकवणे आणि वस्तू हाती येणे एकाच आठवड्यात घडले की काय होते, याचे एक उदाहरण परभणीत आहे. तिथल्या कृषी विद्यापीठाची स्थापना 18 मे 1972 ची. त्याच दिवशी दरवर्षी खरीप पीक मेळावा भरतो आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, 17 सप्टेंबरला, रब्बीचा. लोक पहाटेपासून बियाण्याच्या रांगेत उभे असतात. सोयाबीनचे वाण, बदनापूरची तूर पदरात पडते, आणि त्याच मांडवात पेरणीबद्दल ऐकायला मिळते. ऐकलेले विसरायच्या आत ते रानात उतरते. जालन्याजवळ खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दर महिन्याच्या पाच तारखेला चर्चासत्र भरते. त्या महिन्यात शेतात जे चाललेले असेल तोच विषय. तारीख ठरलेली असल्यामुळे निमंत्रणाची वाट पाहावी लागत नाही. आमच्या मते या दोन्ही ठिकाणांचे यश व्याख्यात्यांइतकेच तारखांचे आहे.

शेतीशाळेचा सगळा विचारही वेळेवरच उभा आहे. 1989 मध्ये इंडोनेशियात, भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांनी आणि बेसुमार फवारणीने शेतकरी गांजले असताना, अन्न आणि कृषी संघटनेच्या मदतीने ही पद्धत सुरू झाली. शाळा शेतातच भरवायची, पिकाच्या वाढीबरोबर पुन्हा पुन्हा भरवायची, आणि किडी व मित्रकीटक शेतकऱ्यानेच मोजून फवारायचे की नाही ते त्यानेच ठरवायचे. आपल्याकडे 2008 मध्ये विदर्भात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला आणि पुढच्याच वर्षी क्रॉपसॅप या प्रकल्पाचे कीड-सर्वेक्षण सुरू झाले. कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीकडे सरकते आहे असे दिसताच सल्ला निघायचा, ही कल्पना त्याच जातीची आहे. तरीही 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी त्या वर्षी डोक्याइतकी वाढली होती आणि फवाऱ्याचे तुषार सरळ तोंडावर येत होते. त्या उंचीच्या कपाशीत उभे राहून हातमोजे, तोंडावरचे फडके, वाऱ्याची दिशा आणि औषधांचे मिश्रण यांबद्दल बोलणारा माणूस ऑगस्टमध्ये हवा होता. उन्हाळ्यातल्या सभागृहात ती कपाशी डोळ्यांपुढे उभी करता येत नाही.

पिकाला जशी शाळा आहे तशी गोठ्याला का नसावी? आम्ही हा प्रश्न आग्रहाने विचारतो आहोत. एका गावातले वीस-पंचवीस गोठे, महिन्यातून दोनदा, दूध घालून झाल्यावर तासभर, आळीपाळीने एकेकाच्या दारात. मेमध्ये लसी आणि जंतनाशक. जूनमध्ये गोचीड, माश्या आणि ओला गोठा. ज्या घरांनी 2022 मध्ये लम्पीत गुरे गमावली, त्यांना हा विषय समजावून सांगावा लागत नाही. कापलेल्या ज्वारीच्या बुडख्याला कोवळे फुटवे आले की किराळ लागण्याचा धोका. हिवाळ्यात गाभण जनावरांचा खुराक. आणि मुरघास तेव्हाच शिकवावा जेव्हा गावात मक्याच्या कणसात दुधाळ चीक घट्ट होऊ लागला असेल. मुरघासाचे प्रशिक्षण मका नसताना घेणे म्हणजे तवा नसताना भाकरी शिकवणे. कुट्टी मुठीत घट्ट दाबून हात उघडायचा. गोळा टिकला आणि तळवा नुसता ओलसर झाला तर भरायला घ्या. पाणी ठिबकले तर एक दिवस सुकू द्या. गोळा लगेच विस्कटला तर उशीर झाला आहे. ही परीक्षा पाहून शिकायची नाही, हात बरबटवूनच शिकायची आहे.

आणि तिथे हात कुणाचा असावा? गोठ्यातले बहुतेक काम बाया करतात. धार काढणे, शेण काढणे, वैरण टाकणे, आजारी वासराला रात्री पाजणे, सगळे त्यांच्याकडे. प्रशिक्षण मात्र सकाळी अकराला, तालुक्याला, कागदावर ज्याचे नाव त्याला. कासदाहाची पहिली खूण दुधातल्या गुठळीत दिसते आणि ती गुठळी धार काढणाऱ्या बोटांना आधी कळते. ती बोटे आपल्या हजेरीपटात नसतात. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष महिला शेतकऱ्यांचे म्हणून जाहीर केले आहे. फलक लावायचा तो लावावा, पण त्याआधी गोठ्याच्या कामाचे प्रशिक्षण वस्तीवर, दुपारी दोन ते चारमध्ये घ्यावे. त्या दोन तासांत बायकांचा हात थोडा मोकळा असतो.

मदतीच्या योजनांबद्दल थोडक्यात. पीकविम्याची मुदत आणि अटी पेरणीआधी सांगितल्या तरच त्यांचा अर्थ आहे. 2025 च्या खरिपात एक रुपयाचा विमा बंद होऊन हप्ता पुन्हा शेतकऱ्याकडे आला, हे पुष्कळांना सेवा केंद्राच्या खिडकीवर कळले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात नद्यांनी जमीन खरडून नेली, बांधलेली गुरे दावणीसकट गेली. आपत्ती निवारणाच्या तेव्हा लागू असलेल्या, 2022 पासूनच्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला 37,500 रुपये, बैलाला 32,000 आणि शेळी-मेंढीला 4,000 रुपये होते. पण वाहून गेलेली म्हैस आपली होती हे दाखवायला कानातल्या बिल्ल्याची नोंद लागते, आणि ती म्हैस दारात उभी असतानाच व्हावी लागते. किसान क्रेडिट कार्ड 2018-19 पासून पशुपालकांनाही मिळते. त्याची कागदपत्रे उन्हाळ्यात लावली तर पावसाळ्यात पेंडीसाठी सावकाराकडे जावे लागत नाही.

निधी उशिरा येतो आणि अधिकार वर असतात, हे आम्ही जाणतो. एका पर्यवेक्षकाकडे किती गावे असतात, रिक्त पदांचा भार कुणाच्या खांद्यावर येतो, हेही पाहतो. पण काही तारखा आपल्या हातातल्या आहेत. मेमध्ये घरच्या सोयाबीनची उगवणशक्ती तपासायला निधी लागत नाही. ओले गोणपाट, मोजून शंभर दाणे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचे, सात-आठ दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर शिफारशीएवढे बियाणे पुरते, कमी निघाले तर त्या प्रमाणात वाढवायचे. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारींचा खच पडला होता. ज्यांनी ही शंभर दाण्यांची गुंडाळी आधी उलगडून पाहिली, त्यांना निदान दुबार पेरणीची पाळी येण्याआधी निर्णय घेता आला. माती परीक्षणाचा नमुनाही याच दिवसांत, रान मोकळे असताना घेता येतो. आणि पेरणीची घाई थोपवायला, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबा असे सांगायला, तुमचा एक फोन पुरतो. गावात तुमचा शब्द चालतो.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा रोहिणी निघायला साडेतीन आठवडे असतील. करडांना आंत्रविषाराची पहिली मात्रा चार मेपर्यंत टोचली, तर एकवीस दिवसांनी दुसरी बरोबर पंचवीस मेला येते. तालुक्याच्या शीतपेटीत कुप्या किती आहेत, ते आजच विचारा.