डिफॉल्ट हटाव!

आमच्या वसमतला कुणाच्या घरात कोणती वस्तू कुठे ठेवायची, हे बाहेरच्या माणसानं सांगायची पद्धत नाही. पाहुणा कितीही मोठा असो, मिसळणाच्या डब्यातली वाटी इकडची तिकडे करून बघावी त्यानं! आमच्या घरी हळदीची वाटी मोहरीच्या उजव्या हाताला. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या डब्यात तिची जागा त्याच्या कितीतरी आधीपासून ठरलेली आहे. लाइट गेलेली असली तरी आमच्या हिचा हात बरोबर तिथेच पडतो. मी एकदा सुट्टीच्या दिवशी उत्साहाच्या भरात डबा घासून वाट्या 'नीट' लावून ठेवल्या होत्या. त्या दिवशी आमटीत हळदीऐवजी धनेपूड दोनदा पडली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही.

पण हाच बाणेदार समाज संगणकापुढे बसला की गाईसारखा गरीब होतो. कुठल्या तरी देशात बसलेला कुणी तरी ठरवतो की तुमच्या फायली या क्रमानं दिसतील, ही कळ दाबली की हे होईल, आणि आपण मान डोलावतो. का? तर म्हणे ते डिफॉल्ट आहे. पूर्वी लोक जे नशीब म्हणून सोसायचे, ते आता डिफॉल्ट म्हणून सोसतात.

मी एकतीस वर्षं एका कचेरीचं दफ्तर सांभाळलं. कोणत्या ते सोडा. लाल फडक्यातले बस्ते, बस्त्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर माझं अक्षर. साहेबांनी हाक मारायची आणि मी दोन मिनिटांत कागद काढून द्यायचा, एवढाच काय तो माझा पराक्रम. निवृत्त झाल्यावर मुलानं संगणक आणि स्कॅनर आणून दिला. आजोबांचे कागद स्कॅन करायला घेतले, ते पाहून शेजारचे आले, मग त्यांच्या शेजारचे आले.

कागदांच्या बाबतीत आमचा तालुका मोठा गमतीचा आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, म्हणून जुने कागद उर्दूत, मध्येच मोडीत, आणि सन फसली. त्यात साधारण ५९० मिळवले की आपलं इसवी सन येतं. पुढे जिल्हा परभणी. १ मे १९९९ पासून जिल्हा हिंगोली. गाव जागचं हललं नाही, पण कागदोपत्री केवढा प्रवास! त्यातून २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि गल्लीतल्या प्रत्येकाला एकदम आपल्या पणजोबांची आठवण आली. "भाऊसाहेब, तेवढा आमचा बी कागद घ्या की त्या मशीनमध्ये." घेतला. एकेक करत फायली दोन हजारांच्या वर गेल्या.

आता या फायली दाखवणारा, उचलणारा, हलवणारा आणि फेकणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला फाईल मॅनेजर म्हणतात. मॅनेजर म्हटल्यावर जे गुण-अवगुण डोळ्यांसमोर येतात ते सगळे त्याच्यात होते. कागद तो तारखेप्रमाणे लावायचा, पण तारीख कोणती? मी स्कॅन केला ती! त्याच्या लेखी माझे आजोबा गेल्या मंगळवारी जन्मले होते. नावाप्रमाणे लावायला सांगितलं तर आमच्या गावाचीच पंचाईत. आम्ही वसमत म्हणतो, रेल्वे बसमत म्हणते, आणि पत्त्यात पुष्कळदा वसमतनगर. फायलींची नावं मी इंग्रजी अक्षरांत द्यायचो. इंग्रजी वर्णमालेत बी आणि व्ही यांच्यामध्ये वीस घरांचं अंतर. एकाच गावचे सख्खे भाऊ, पण एक यादीच्या शेंड्याला आणि दुसरा बुडख्याला, भाऊबंदकी झाल्यासारखे.

बरं, हेही सवयीचं झालं असतं. माणूस कशालाही सरावतो. पण सरावलो की 'अपडेट' यायचं. सकाळी उठून पाहावं तर बटणं जागची हललेली, क्रम बदललेला, विचारलं कुणी नाही. अशाच एका सकाळी सवयीनं वरून तिसरी फाईल धरली आणि कायमची पुसायची कळ दाबली. पुसायची होती एक वाया गेलेली प्रत. पुसलं गेलं १३५० फसलीचं, म्हणजे १९४० च्या सुमाराचं, आमच्या गल्लीतल्या एकाच्या आजोबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं वाटणीपत्र. मूळ कागद मागायला गेलो, तर माळ्यावरची पेटी तोवर वाळवीनं खाल्ली होती. तो भला माणूस मला एका शब्दानं बोलला नाही. अजून रस्त्यात भेटला की नमस्कार करतो. त्या नमस्काराचीच मला भीती वाटते.

पुण्याला आमचा पुतण्या आहे, संगणकातला. त्याच्यापुढे मी गाऱ्हाणं घातलं. तो म्हणाला, "काका, चूक तुमची. आणि सेटिंग वगैरेच्या भानगडीत पडू नका, डिफॉल्टच ठेवा. लाखो लोकांना चालतं." लाखो लोकांना चालतं! लाखो लोकांना सात नंबरचा जोडा चालतो म्हणून मी माझ्या नऊ नंबरच्या पायाची बोटं कापायची का? चूक माझी, कबूल. पण ज्या चुकीला माझा हात रोज सोकावलेला आहे, तिच्या आड मला एक कडी घालता येऊ नये, हा कुठला न्याय? माझं घर, माझे कागद, आणि कडी कुठे असावी हे ठरवणार सुतार!

शेवटी त्यानंच चिडून दिवाळीच्या सुट्टीत माझ्या संगणकावर लिनक्स घातलं आणि व्हीआयएफएम नावाचा एक फाईल मॅनेजर बसवून दिला. (एफएम ऐकून ही म्हणाली, "चला, गाणी तरी लागतील.") दिसायला अगदी कंगाल. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पाटीवर नुसती अक्षरं आणि शेजारी शेजारी दोन रकाने. रोजमेळ आणि खतावणी उघडून बसावं तसं. पण त्याची खरी दौलत दुसरीकडे आहे. सुरू होताना तो एक साधी लिहिलेली फाईल वरपासून खालपर्यंत वाचतो आणि तीत लिहिलं असेल तसं वागतो. त्या फाईलचं नाव व्हीआयएफएमआरसी.

आरसी म्हटल्यावर आपल्याला मोटारसायकलचं आर. सी. बुक आठवतं. तसं नाही. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीच्या मोठ्या संगणकासाठी लुई पुझँ या फ्रेंच गृहस्थानं 'रनकॉम' नावाची सोय लिहिली होती: हुकूम एका फाईलमध्ये ओळीनं लिहून ठेवायचे आणि यंत्रानं ते एकामागून एक पाळायचे. त्याचं हे शेपूट. आणि ही फाईल राहते कुठे? ज्याच्या नावाआधी टिंब आहे अशा एका फोल्डरच्या पोटात. टिंब असलं की युनिक्सच्या घराण्यात ती वस्तू यादीत दिसत नाही. हा काही थोर विचार नव्हे. आरंभीच्या युनिक्समध्ये दोन विशिष्ट नोंदी यादीतून वगळायच्या होत्या. लिहिणाऱ्यानं आळस करून नुसतं पहिलं अक्षर तपासलं, आणि टिंबानं सुरू होणारं सगळंच झाकलं गेलं. हे त्या घरातल्याच रॉब पाइक यांनी सांगून ठेवलं आहे. म्हणजे बघा, ज्याला आपण देवाची करणी समजून हात जोडतो, ते कुणाच्या तरी घाईचं फळ असतं.

कळांचंही तेच. या प्रोग्रॅममध्ये खाली जायला जे आणि वर जायला के. का? तर १९७६ च्या सुमारास बिल जॉय यांनी व्हीआय हा लेखनाचा प्रोग्रॅम ज्या टर्मिनलवर लिहिला, त्याच्या एच, जे, के, एल या कळांवर बाण छापलेले होते. कॅलिफोर्नियातल्या एका यंत्रावरचे बाण, आणि पन्नास वर्षांनी वसमतचा म्हातारा जे दाबून खाली जातो! मला तर तेही परवडेना, कारण माझा कळफलक निम्मा वेळ मराठीत असतो. इनस्क्रिप्टमध्ये जेच्या जागी र येतो आणि केच्या जागी क. र दाबला की प्रोग्रॅम ढिम्म.

इथे माझ्यातला कारकून जागा झाला. मी त्या फाईलमध्ये पहिली ओळ लिहिली: र म्हणजे जे समजावे. दुसरी: क म्हणजे के समजावे. प्रोग्रॅम बंद करून चालू केला, र दाबला, आणि खूण एक घर खाली उतरली. खोटं कशाला सांगू, उभ्या नोकरीत माझा एकही शेरा कुठल्या साहेबानं इतक्या तत्परतेनं अंमलात आणला नव्हता!

मग मी सुटलोच. फायली नावानं लाव, तारखेनं नको, एक ओळ. एकनंतर दहा-अकरा आणि मग दोन असं न करता आकडे माणसासारखे मोज, एक ओळ. एक कळ दाबली की बसमत आणि वसमत दोन्ही एकत्र दिसावेत. एक ओळ, ती मात्र चार दिवस जमली नाही, आणि प्रत्येक वेळी कितव्या ओळीत चुकलो ते यंत्रानं न रागावता सांगितलं. हळदीच्या पट्ट्यांच्या फोल्डरवर एका अक्षरानं उडी. आणि सर्वांत मोठी ओळ: मोठ्या डीची कळ दोनदा दाबली की इथे फाईल कायमची पुसली जाते. त्या कळेपुढे मी लिहिलं, काहीही करू नये. झालं. लागली कडी. आता काय पुसायचं ते आधी कचरापेटीत जातं, आणि यू दाबला की परत येतं.

आता विरुद्ध पक्ष म्हणेल, हा रिकामटेकड्यांचा धंदा आहे. एवढ्या वेळात शंभर कागद स्कॅन झाले असते. यात तथ्य आहे, आणि लपवण्यात अर्थ नाही: पाटीचा रंग हळदीसारखा पिवळा करण्यात मी अकरा दिवस घालवले आणि शेवटी डोळे दुखायला लागले म्हणून काळाच ठेवला. पण रंगाचा नाद वेगळा आणि कडी वेगळी. शिवाय बटणं दाबून केलेली व्यवस्था यंत्राच्या पोटात कुठे जाते कोण जाणे. ही व्यवस्था कागदावर छापून खिशात घालता येते, दुसऱ्या यंत्रावर नेऊन ठेवता येते. आणि तीत अवतरणचिन्हानं सुरू होणारी ओळ यंत्र वाचतच नाही, ती फक्त माणसांसाठी असते. मी प्रत्येक हुकुमावर मराठीत अशी ओळ लिहितो: हे का केलं. कडीच्या ओळीवर त्या वाटणीपत्राची हकिकत लिहून ठेवली आहे, माणसाचं नाव न घालता.

पुतण्या परवा येऊन गेला. "बघू तरी काका काय करून ठेवलंय," म्हणत खुर्चीत बसला, आणि लहान डी दोनदा दाबून एक अख्खं फोल्डर उडवलं. चेहरा पांढरा पडला बिचाऱ्याचा. यू दाबायला गेला, तर कळफलक मराठीत गेलेला. यूच्या जागी ह आला.

"हा सुद्धा घालून ठेवलाय," मी म्हणालो. "बघ, आलं का?"

आलं होतं. त्यानं मान वळवून पाहिलं, मग हळूच म्हणाला, "काका, ही फाईल मला पाठवाल?"