बक्षिसावाचून मूल शिकत नाही म्हणे!

दादरच्या एका सभागृहात अलीकडे एका शिक्षणतज्ज्ञांचं व्याख्यान झालं. मुलांना घरीच शिकवणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांचा त्यांनी तासभर समाचार घेतला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मूल जात्याच आळशी असतं. त्याला हलवायला नंबर लागतो, नापासाची भीती लागते, बक्षीस लागतं. शाळेत हे तिन्ही मिळतं, घरी आईच्या मायेपुढे तिन्हींचं काही चालत नाही. ख्रिस्ती घरात तर नंबराच्या जागी देवाचा धाक बसवतात. शिवाय असं मूल एकलकोंडं होतं, घरी शिकवणं कायद्यात बसत नाही आणि हे सगळं अमेरिकेतून आलेलं खूळ आहे. शेवटी उदारपणे एक सल्लाही दिला. घरी शिकवायचंच असेल तर भिंतीवर तक्ता लावा, धडा झाला की चांदणी चिकटवा, पुरेशा चांदण्या जमल्या की चॉकलेट द्या. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आमच्या ख्रिस्ती मंडळीतले ओळखीचे चेहरे होते, म्हणून हे लिहावं लागतंय.

किरकोळ आक्षेप आधी संपवते. एकलकोंडेपणाचं म्हणाल तर परळ-नायगावच्या जुन्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची असते. तिथलं मूल गॅलरीत, जिन्यात आणि शेजारच्यांच्या घरात वाढतं. रविवारी उपासनेला आजोबांच्या वयापासून तान्ह्यापर्यंतची माणसं भेटतात ती वेगळीच. एकाच वयाची साठ पोरं एका वर्गात कोंडणं म्हणजेच समाज, हे कुणी ठरवलं? कायद्याचं म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं दहावं कलम मुलाला शाळेत घालण्याचं कर्तव्य पालकांवर टाकतं, पण ते न पाळणाऱ्या पालकाला त्या कायद्यात शिक्षा नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसण्याची वाट आपल्या बोर्डात आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची आहे. घरच्या शिक्षणाला कायद्यात स्वतंत्र मान्यता नाही हे खरं. ती मिळावी, हीच आमची मागणी आहे.

व्याख्यात्यांनी जाता जाता असंही म्हटलं की मुलाला कोणत्या श्रद्धेत वाढवायचं हे आईबापांनी ठरवू नये, मूल समाजाचं असतं. हा वाद या शहराला नवा नाही. १८४३ साली श्रीपत शेषाद्री नावाचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला तेव्हा सारी मुंबई पेटली होती. मुलाला स्वतःची बुद्धी आहे, असं मिशनरी म्हणत होते. मूल आईबापांचं, असं शहर म्हणत होतं. प्रकरण तेव्हाच्या मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि मुलगा वडिलांकडे परत आला. त्याला जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी केवढा झगडा केला, तो आपल्या इतिहासात आहे. तेव्हा मूल आईबापांचं होतं. आज आईबाप ख्रिस्ती आहेत आणि मुलाला घरी शिकवताहेत, तर ते एकदम समाजाचं झालं? तत्त्व एकच धरा. कोणतंही धरा, पण ते दोन्ही बाजूंना लावा.

आता अमेरिकेच्या खुळाबद्दल. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं म्हणून पंडितांनी त्यांना जाब विचारला होता. त्याच लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवलं. पहाटे, घरची कामं सुरू व्हायच्या आधी, झोपेने जड झालेल्या पोरीला आई गोंजारून उठवायची आणि पाठ सुरू व्हायचा. पुस्तक नव्हतं, आईच्या तोंडून ऐकायचं आणि म्हणायचं. भागवताचे हजारो श्लोक या मुलीला पाठ झाले. कोणत्या तक्त्यावरच्या चांदण्यांनी? १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं तेव्हा तिच्याकडे एकाही शाळेचा दाखला नव्हता. मायेपुढे शिस्त टिकत नाही म्हणणाऱ्यांनी ही पहाट एकदा डोळ्यांपुढे आणावी. पुढे १८८३ मध्ये रमाबाई ख्रिस्ती झाल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांचं शारदा सदन उघडलं ते आपल्याच चौपाटीवर. लक्ष्मीबाई टिळकांनीही शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. अक्षरओळख घरात झाली आणि त्याच बाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. घरी शिकणं आम्हाला शिकवायला अमेरिकेची गरज नव्हती.

हे सगळं बाजूला ठेवलं तरी मूळ मुद्दा उरतोच, बक्षिसाचा. माझा खरा राग त्यावरच आहे, कारण हे विष आम्ही आपण होऊन घरात आणि देवळात घेतलं आहे.

मूल जात्या आळशी असतं, हे कोणत्या मुलाकडे बघून ठरवलं? बोलायला शिकणारं वर्षा-दोन वर्षांचं मूल दिवसभर शब्द गोळा करतं, पडतं, उठतं, पुन्हा चालतं. त्याला कुणी पहिला नंबर देत नाही. पाचव्या वर्षापर्यंत ज्याला ‘हे काय, ते का’ विचारण्यावाचून चैन पडत नाही, तेच आठव्या वर्षी ‘हे परीक्षेला आहे का?’ असं विचारू लागतं. मधल्या तीन वर्षांत त्याचा स्वभाव बदलला की आपण त्याला काही शिकवलं? आपण शिकवलं. ज्ञान ही कशाच्या तरी बदल्यात द्यायची वस्तू आहे, हे शिकवलं.

याचा प्रयोग झालेला आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तो केला आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. रंगीत पेनांनी चित्रं काढायला आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि लाल फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र न सांगता, नंतर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा तेच पेन ठेवले, या वेळी बक्षिसाचं नाव नव्हतं. बक्षिसासाठी चित्रं काढलेली मुलं आता इतर मुलांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. बक्षिसासाठी काढलेली चित्रंही उतरलेली होती. सोनेरी चांदणीच होती ती, व्याख्यातेसाहेब. तुमच्या तक्त्यावरचीच.

यावर उत्तर येतं की ती मुलं आधीच आवड असलेली होती, नावड असलेल्याला बक्षिसाने सुरुवात तरी होते. होत असेल. पण आमच्या घरातली मुलं नावडीने सुरुवात करत नाहीत. गोष्ट, गाणं, मुंगी, पाऊस यांची आवड त्यांना असतेच. ज्याच्याकडे आहे त्याच्यावर हा उपाय करून त्याचं असलेलं घालवायचं, याला कसली सुरुवात म्हणायची?

आणि परीक्षेच्या नफातोट्यावर शिक्षण चालवण्याचा उद्योगही या शहराने पाहिलेला आहे. १८६२ मध्ये इंग्लंडात नियम झाला की इन्स्पेक्टर येऊन एकेका मुलाचं वाचन, लेखन आणि अंकगणित तपासणार आणि जितकी मुलं पास तितकं शाळेला अनुदान. त्याच दशकात ही पद्धत मुंबई इलाख्यात आली, मिशनच्या शाळाही तिच्यात ओढल्या गेल्या. परिणाम व्हायचा तोच झाला. जे इन्स्पेक्टर विचारणार तेवढंच मास्तर घोकून घेऊ लागले. इंग्लंडात पोरं वाचनाचं पुस्तक अथपासून इतिपर्यंत पाठ करत, म्हणजे न वाचताही ‘वाचता’ येई. विसाव्या शतकाच्या तोंडावर सरकारनेच ही पद्धत टाकून दिली. सरकारने टाकली, आपण नाही टाकली. दादर स्टेशनाबाहेर उभं राहून क्लासच्या फलकांवरचे चेहरे आणि टक्के बघा. त्या फलकावर एखाद्या मुलाने आवडीने काय वाचलं हे कधी लिहिलेलं असतं का?

आमच्या देवळांतही हेच आहे आणि इथे मी आपल्याच लोकांशी बोलते आहे. संडे स्कूलमध्ये वचनं पाठ करायची, जो जास्त म्हणेल त्याला कंपासपेटी. नाताळच्या कार्यक्रमात पहिला, दुसरा, तिसरा. पोरं तेविसावं स्तोत्र आगगाडीच्या वेगाने म्हणून मोकळी होतात आणि खाली उतरताना पेटीचा रंग बघतात. देव आपला मेंढपाळ आहे हे सांगणारं स्तोत्र कंपासपेटीसाठी! त्या मुलाचा यात दोष नाही. सौदा आपण मांडला, त्याने चोख केला.

देवाच्या धाकाचा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. अशी घरं आहेत. ‘पाढे म्हटले नाहीस तर येशूला वाईट वाटेल,’ असं सांगणाऱ्या आया आहेत, आणि छडीला शास्त्राचा आधार शोधणारे बापही आहेत. त्यांना माझं सांगणं आहे की नीतिसूत्रांतली छडी तुम्हाला बरोबर सापडते, मग कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातला तिसरा अध्याय का सापडत नाही? तिथे पौल बापांनाच बजावतो की मुलांना चिडीला आणू नका, ती खचतील. मुलाचं खचणं हा शास्त्राने ओळखलेला धोका आहे. देवाला अभ्यासाचा पोलीस करणाऱ्या घराचा आणि नंबराला देव करणाऱ्या शाळेचा मार्ग एकच, भीतीचा. व्याख्यात्यांनी पहिल्यावर टीका केली आणि दुसऱ्याची शिफारस केली, एवढाच फरक.

मग करायचं काय? माझ्याकडे मोठी योजना नाही, जे आम्ही करतो ते सांगते.

धडे आखूड ठेवावेत. शार्लट मेसन या इंग्रज बाईंनी १८८६ मध्ये ‘होम एज्युकेशन’ लिहिलं. त्या श्रद्धावंत ख्रिस्ती होत्या आणि गुण-बक्षिसांच्या ठाम विरोधात होत्या. लहान मुलाला वीस मिनिटांपेक्षा एका विषयावर बसवू नये आणि वाचून दाखवलेलं एकदाच वाचून दाखवावं, मग मुलाने ते आपल्या शब्दांत सांगावं, ही त्यांची रीत. ही रीत परळच्या खोलीतही चालते, तिला खर्च नाही. पुन्हा वाचणार नाही हे कळलं की मूल कान देतं.

शिकणं कामाला जोडावं. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांना शिकवा असं सांगितलं आहे, आणि आम्ही ते शब्दशः घेतो. उन्हाळ्यात लालबागला मिरच्या घ्यायला जातो तेव्हा बेडगी, संकेश्वरी आणि काश्मिरीचे भाव आणि मसाल्याचं प्रमाण मुलं काढतात. हिशेब चुकला तर मसाला बिघडेल, हे त्यांना ठाऊक असतं. राणीच्या बागेत झाडाखाली बसून पानं काढतात. संध्याकाळच्या प्रार्थनेत ‘उपासना संगीत’ उघडून ना. वा. टिळकांचं पद म्हणतात, आणि मराठीचा त्याहून चांगला पाठ मला माहीत नाही. अहमदनगरला आजीला पत्र लिहायचं असतं, आजीला अक्षर लागत नाही म्हणून ते सुधारतं. हाताच्या कामाचं महत्त्व मी रमाबाईंकडूनच घेतलं. दुष्काळात आईबाप गेले तेव्हा पोट भरायची कोणतीही व्यावहारिक विद्या आपल्याला येत नव्हती, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अभ्यासाबरोबर हातमाग, छापखाना आणि शेती ठेवली ती उगाच नाही.

आणि मूल ‘नको’ म्हणेल त्या दिवशी? म्हणतंच. आधी बघायचं की ते भुकेलं आहे का, धडा अवघड झाला आहे का, आपणच वैतागून शिकवतो आहोत का. यातलं काही नसेल तर पाढे म्हणायचेच, जशी जेवल्यावर ताटं उचलायचीच. त्याला शिक्षा नाही आणि चॉकलेटही नाही. काम संपलं की वेळ त्याचा. आई शेजारी बसून स्वतः काही शिकत असेल, तर हे पुष्कळ सोपं जातं. परळ-लालबागच्या रात्रशाळांत पाळी संपवून दमून येणारी गिरणी कामगार पोरं कोणत्या चांदणीसाठी बसत होती? शेजारी आणखी कुणीतरी पाटी घेऊन बसलेलं असे.

पाळकांना आणि संडे स्कूलच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. या नाताळात वचनांच्या पाठांतराला बक्षिसं ठेवू नका. तेच पैसे घेऊन मुलांसाठी मराठी पुस्तकांचं एक कपाट देवळात करा, आणि रविवारी उपासनेनंतर ते अर्धा तास उघडं ठेवा.