वाळूच्या टेकडीचा फोटो

किनाऱ्यावर समुद्राचा फोटो सगळेच काढतात. पुळणीमागच्या वाळूच्या टेकडीचाही काढा. उधाण आणि उडती वाळू ती अडवते, म्हणून मागची बागायत सुरक्षित राहते.

भर दुपारी टेकडी सपाट दिसते. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तिचे चढउतार उठून दिसतात. शेजारी माणूस उभा करा, उंची कळेल. मर्यादवेल मात्र तुडवू नका. तीच वाळू धरून ठेवते.

पावसाळ्यात किनारा झिजतो, पुढे भरतो. म्हणून दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागेवरून फोटो घ्या, तारीख लिहा. टेकड्यांत फेरफार करण्यास २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मनाई आहे. कोणी वाळू उपसली, तर ग्रामसभेत हेच फोटो पुरावा म्हणून मांडता येतील.