मुंगूस की मॉंगूस?

आज एक गुन्हा कबूल करायचाय.

गेल्या पावसाळ्यात रूममेटला घेऊन उलव्याला घरी गेले होते. रिकाम्या प्लॉटवरच्या गवतातून एक मुंगूस सर्रकन रस्ता ओलांडून गेलं. ती आनंदाने ओरडली, "लुक, मुंगूस!" मी पडले कॉन्व्हेंटवाली. खो-खो हसत म्हटलं, "अगं, इंग्लिशमध्ये मॉंगूस म्हणतात!" ती गप्प झाली. पुढच्या आठवड्यात तिने सेमिनारमधून नाव काढून घेतलं. म्हणाली, "माझं इंग्लिश ऐकून सगळे हसतात." सगळे म्हणजे कोण, ते मला बरोबर कळलं.

मग लायब्ररीत जाऊन डिक्शनरी उघडली, आणि चाटच पडले! बहुतेक इंग्रजी कोश सांगतात की हा शब्द मूळचा मराठी. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत शिरला. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात तर त्याचं स्पेलिंग 'एम-यू-एन' असंच सुरू होतं. म्हणजे तिचा उच्चार मुळाच्या जास्त जवळचा! शेवटच्या 'गूस'चा हंसाशी काहीएक संबंध नाही. म्हणूनच अनेकवचन 'मॉंगूसेस' होतं, 'मॉंगीस' नाही. १८७२ मध्ये उसातले उंदीर मारायला भारतातून मुंगसं जमैकाला नेली, तिथून १८८३ मध्ये हवाई बेटांवर. उंदरांबरोबर त्यांनी तिथले पक्षीही फस्त केले, तो भाग वेगळा. पण आपला शब्द कुठल्या कुठे पोचला बघा!

आता कुणी म्हणेल, मग इंटरव्ह्यूत 'मुंगूस'च म्हणायचं का? नाही. आजचा रूढ उच्चार यायलाच हवा. पण शिकवणं वेगळं आणि हसणं वेगळं. शिकवल्याने माणूस बोलू लागतो, हसल्याने त्याचं तोंड बंद होतं. इंग्रजीला दुसऱ्यांचे शब्द घेताना लाज वाटली नाही, म्हणून तर ती एवढी मोठी झाली. मग ती बोलताना आपण का लाजायचं?

सर आणि मॅडम, तुम्हालाही एक विनंती. सेमिनारमध्ये प्रश्न विषयावर विचारा. उच्चार चुकला तर नंतर बाजूला घेऊन सांगा.

रूममेटची मी माफी मागितली आहे. पुढच्या सेमिनारला ती बोलणार आहे. मी पहिल्या बाकावर असेन. तुम्हीही या, पण हसायला नाही, ऐकायला!